चाचणीचं पाणी

डिचोली
४ जानेवारी १९८८

बाबुराव, नमस्कार.

तुम्ही न भेटता गेलात, हे मला मुळीच आवडलेलं नाही. आठ वर्षं एका पत्र्याखाली काम केल्यावर माणूस जाताना निदान एक हाक मारतो. मी वरच्या खोलीत ड्रॉइंग करत बसलो होतो. नंतर वॉचमन कृष्णनाथने सांगितलं, की बाबुराव आले, पेटीतून आपला नंबर ठोकायचा पंच तेवढा घेतला आणि चालू लागले. तुमची वेल्डिंगची काळी काच आणि जर्मनचा पेला इथेच राहिलाय. काच मी फडक्यात गुंडाळून माझ्या खणात ठेवलीय, नाहीतर इथे कोण काय उचलेल सांगता येत नाही.

वाफेने भाजून महेश गेला, फार वाईट झालं. तुमच्या चुलतभावाचा मुलगा, त्यात घरातला एकच मिळवता. गेल्या वर्षी त्या साखर कारखान्याची ऑर्डर आली तेव्हा तुम्ही किती खुशीत होता, ते आठवतं. आमचा महेश तिथंच बॉयलरवर हाय, म्हणून सगळ्यांना सांगत होता. वाफेच्या पाइपात बसवायचा नऊ वळ्यांचा तो स्टेनलेस स्टीलचा जॉइंट, ज्याला तुम्ही सगळे भाता म्हणायचात, तो तुम्ही स्वतः मागून घेतलात आणि वेल्डिंगची शिवण मारून झाल्यावर कडेवर आपला सात नंबर ठोकलात.

भाता फुटल्याच्या चौकशीत ‘वेल्डिंगचा दोष’ असं गेलंय. तुमच्या कानावर आलंच असेल. मनाला लावून घेऊ नका. हात कुणाचाही चुकतो. तुमच्यावर खटला वगैरे होऊ देणार नाही, असं गोकुळदास शेठ म्हणालेत. फुटलेला तुकडा इथे आला होता, पण कामाच्या गर्दीत मला तो नीट पाहता आला नाही.

रत्नावहिनींना नमस्कार सांगा. थोडे दिवस गावी राहा, मग परत या. तुमच्यासारखी शिवण मारणारा इथे दुसरा कोण आहे?

तुमचा
गुरुदास

डिचोली
२१ जानेवारी १९८८

बाबुराव,

तुमचं नाही, रत्नावहिनींचं पत्र आलं. शाळेतल्या मुलीसारखं ओळी आखून लिहिलेलं. त्या लिहितात, ‘ह्यांनी अन्न टाकल्यासारखं केलंय. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याकडं बघत बसतात. भावकीनं आमच्या दारात यायचं बंद केलंय. महेशची बायको दीपा पाणवठ्यावर मला बघून घागर रिकामीच घेऊन माघारी फिरते. कारखान्यातल्या माणसांनी तुकड्यावरचा सात नंबर वाचला आणि गावभर सांगितला. आता पोरंसुद्धा ह्यांना सात नंबर म्हणतात.’

हे वाचून मी दिवसभर एक रेघ ओढली नाही.

एक गोष्ट आधी कबूल करतो. तुकडा नीट पाहता आला नाही, असं मी लिहिलं, ते खोटं आहे. दोन दिवस तो माझ्या टेबलावर होता. भिंगातूनही पाहिला. तुमची शिवण सबंध आहे, बाबुराव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे टाचणी शिरेल एवढी फट नाही. भाता फाटलाय तो वळ्यांच्या पोटात, तुमच्या शिवणीपासून चार बोटं लांब.

स्टीलचा पत्राच कधीकधी गिरणीतून खराब येतो. तसं काही झालं असेल. म्हणून म्हणतो, सगळं आपल्या अंगावर घेऊन बसू नका. चार घास खा. याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

गुरुदास

डिचोली
२ मार्च १९८८

बाबुराव,

वहिनींनी तुमचा नवा पत्ता दिला. तुम्ही घर सोडून बहिणीच्या गावी वीटभट्टीवर गेलात आणि पुन्हा वेल्डिंगला हात लावणार नाही म्हणून देवासमोर बोललात, हे त्यांनी कळवलंय. ज्या हातानं भावाच्या पोराचा जीव घेतला त्या हातानं आता माती उचलायची, असं तुम्ही म्हणालात म्हणे. इथे गावागावांत शिगम्याचे ढोल सुरू झालेत आणि मी दार लावून तुम्हाला लिहितोय. हे पत्र दोनदा लिहून फाडलंय. या वेळी फाडायचं नाही, असं ठरवून बसलोय.

पत्रा खराब नव्हता. तेही खोटंच लिहिलं मी.

तीस मे आठवा. शनिवार होता. गोव्याला घटकराज्य मिळायचा दिवस. अर्धं वर्कशॉप सकाळपासून दाढ्या करून पणजीला जायच्या तयारीत. सोमवारी सकाळी ट्रक लागणार होता, पावसाच्या आत भाता घाट चढायला हवा होता, आणि पाणी भरून दाबाची चाचणी तेवढी राहिली होती. चाचणीचं पाणी आपण साखळी गावाहून टँकरने आणतो. त्या दिवशी टँकर आला नाही, कारण टँकरवाला विठू बायकापोरांना टँकरच्या केबिनमध्ये कोंबून समारंभ बघायला गेला होता. मलाही साडेतीनची बस धरायची होती. मीच म्हटलं, खालच्या विहिरीचं घ्या.

ती विहीर नार्व्याच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मे संपताना भरतीचं पाणी कुठवर चढतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

तुम्ही बादलीतून ओंजळ घेतलीत, चूळ भरलीत आणि थुंकलात. म्हणालात, “गुरुबाब, पानी मचूळ हाय. सोमवारी टँकरचं भरू. ट्रक थांबंल की दोन तास.”

मी ओंजळभर प्यालो. म्हटलं, “गोड आहे हो. उसाचा रस पिऊन तुमची जीभ बिघडलीय.” सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि पंप चालू केलात.

बाबुराव, मी थट्टा करत होतो, पण खोटं बोलत नव्हतो. मला ते पाणी खरोखर गोड लागलं. आमचं कोरगावचं घर बांधाखालच्या वाड्यावर, खाऱ्या शेतांना लागून. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी असंच लागतं आणि आम्ही तिला गोडी विहीर म्हणतो. एप्रिल-मेमध्ये आई पेजेत मीठ घालत नाही. का घालत नाही, हे मी पस्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. पेज चवीला बरोबर असायची, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, जिभेचा काय दोष? तर ऐका. पाण्यात क्षार आहे का ते बघायची शिशी माझ्या कपाटात होती. दोन थेंब टाकले, पाणी दुधासारखं झालं तर वापरायचं नाही, एवढं सोपं. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. जिना चढून वर जायचं, एवढंच काम. आणि ड्रॉइंगवर सातवी सूचना माझ्या हाताने लिहिलेली आहे: ‘चाचणीस गोडे पाणीच वापरावे. नंतर भाता आतून पूर्ण वाळवावा.’ आपण नुसता उलटा करून निथळला आणि फळ्या ठोकून बंद केला. मी चाचणीच्या कागदावर ‘पाणी: गोडे’ असं लिहून सही केली आणि बस गाठली. पणजीला गर्दीत मला काही दिसलं नाही, नुसतेच फटाके ऐकले.

पाणी आटलं, मीठ वळ्यांत बसून राहिलं. कारखान्याची ती पाइपलाइन वाफेने तापली की पंचेचाळीस मिलिमीटर लांबते, ते लांबणं गिळायलाच आपण भाता घातला होता. हालचाल मी बरोबर काढली होती, वळ्या बरोबर काढल्या होत्या, जाडी बरोबर. पण स्टेनलेसला ताण, उष्णता आणि मीठ ही तीन एकत्र सोसत नाहीत. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आतून केसाएवढ्या चिरा जात राहिल्या. टेबलावरच्या तुकड्यात त्या मी पाहिल्या. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा, एकीला दुसरी फुटलेली. अशी चीर वेल्डिंगने पडत नाही. हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आणि त्याच क्षणी तुमचं थुंकणंही आठवलं.

शेठ खोलीत आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला, सात नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “गुरुदास, तो घाटी आपल्या गावांत गेला. परतून येवचो ना. ताच्या वेल्डिंगाचेर घाल आनी फायल बंद कर. सही तुजी आसा, म्हजी न्हय.”

मी दोष तुमच्या वेल्डिंगवर घातला, आणि खाली पुन्हा सही केली.

भाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा मी मराठीच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडायचो. तुम्ही मला विचारलं होतं, “गुरुबाब, घरात आईसंगं कोकनी, हितं मराठी, मग भांडान कुनाशी?” मी चिडलो होतो. मराठीसाठी एवढं ओरडलेला मी, माझ्यासमोर ‘घाटी’ म्हणून तुमच्यावर मरण लोटलं, तेव्हा तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

महेशला तुम्ही मारलं नाही. मी मारलं. तुम्ही तर मला थांबवत होता.

गुरुदास

डिचोली
२५ मार्च १९८८

बाबुराव,

तुमचं कार्ड मिळालं. तीन महिन्यांतलं तुमचं पहिलं अक्षर. ‘पत्र पावलं. तुमचं मन मोठं हाय. पण नंबर माझाच हाय.’ एवढंच.

म्हणजे तुम्हाला वाटतं, मी तुमचं दुःख हलकं व्हावं म्हणून गोष्ट रचली. मला संताप आला, तुमचा आणि माझाही. आधी दोनदा खोटं लिहिणाऱ्याचं तिसरं पत्र कुणी का खरं मानावं?

म्हणून कागदाने सिद्ध करून दाखवतो म्हटलं. चौदा तारखेला फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. ड्रॉइंगची प्रत, चाचणीचा कागद, तुकड्याचे फोटो जोडले. तो साहेब दोनदा वाचून म्हणाला, हे तुमच्यावर उलटेल, माहीत आहे ना? मी हो म्हटलं. शेठनी दुसऱ्याच दिवशी मला फाटकातून आत घेतलं नाही. कृष्णनाथने मान खाली घालून माझी छत्री आणि तुमची काळी काच बाहेर आणून दिली. आता चौकशी पुन्हा उघडेल, मला बोलावतील, पुढे काय होईल ते होईल.

जबाबाची नक्कल मी रत्नावहिनींना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, ‘कागद आमच्या गावात कोण वाचतंय? मी अशोक भावजींना, महेशच्या वडलांना, वाचून दाखवला. ते म्हणाले, बाबूनंच कुणाकडनं तरी लिहून घेतलाय. तुम्ही स्वतः येऊन दीपासमोर बोला. ती मानली तरच गाव मानंल. आणि गावानं मानलं तरच हे माघारी येतील, नाहीतर मला ह्यांची आशा नाही.’

पुढच्या आठवड्यात जातो. इन्स्पेक्टरसमोर बोलणं सोपं होतं, त्याचं कुणी गेलं नव्हतं.

गुरुदास

कोरगाव
६ एप्रिल १९८८

बाबुराव,

तुमच्या कुरणवाडीला जाऊन आलो. घडलं तसं लिहितो, पुढे-मागे काही लपवत नाही.

आंबोलीवरून गेलो. फाट्यावर वहिनी उभ्या होत्या. खूप वाळल्यात. वाटेने कुणी त्यांच्याशी बोललं नाही, त्यांनीही कुणाकडे पाहिलं नाही. दीपाच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. अशोकअण्णा खांबाला टेकून बसले होते. दीपा उंबऱ्याच्या आत, मांडीवर मुलगी. मला बसायला घोंगडं टाकलं, पण पाणी कुणी विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. तीस मे, टँकर, विहीर, तुमची चूळ, माझी थट्टा, कपाटाची किल्ली. शेठचं बोलणं सांगितलं, माझी दुसरी सही सांगितली. संपल्यावर अशोकअण्णांनी विचारलं, “बाबूनं किती पैसं दिलं तुमास्नी?”

मी म्हटलं, “बाबुरावांना मी आलोय हेसुद्धा ठाऊक नाही.”

“मग त्येच्यासाठी नोकरी घालवून एवढं लांब कोन येतंय? आनि काय सांगताय, तर खारं पानी प्यालो आनि मला गोड लागलं. माज्या म्हशीम्होरं मचूळ पानी ठेवलं तर ती नाक फिरवती. तुमी तर शिकल्याली मानसं.”

माणसं हसली. वर्कशॉपात माझ्या थट्टेला सगळे हसले होते ना, तशीच. जीभ काढून दाखवता येत नाही. वहिनी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि मला स्पष्ट दिसत होतं, की मी आलो नसतो तर बरं झालं असतं, इतकं माझ्या येण्याने तुमचं वाटोळं होत होतं.

तेवढ्यात दीपा उठली. मुलगी खाली ठेवून आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती दोन पेले घेऊन. मला वाटलं, कसंही असलं तरी पाहुणा आहे, म्हणून पाणी आणलं. तिने दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

“दोनी प्या. आनि कंचं कसं हाय त्ये सांगा.”

मी पहिला प्यालो. पाणी थंड होतं, पण जिभेवर काहीच राहिलं नाही, पोकळ वाटलं. दुसरा प्यालो. घसा कोरडा पडला होता, तो ओला झाला. मी म्हटलं, “पहिलं जरा सपक आहे. हे दुसरं बरं आहे. आमच्या घरच्यासारखं गोड लागतं.”

अशोकअण्णा उठले, माझ्या हातातला दुसरा पेला घेतला, उरलेल्यातला घोट तोंडात घेतला आणि अंगणात थुंकले. मग पेला शेजारच्याकडे दिला. तोही थुंकला. पेला फिरत गेला आणि रिकामा होऊन परत दीपाच्या हातात आला. मी ते थुंकणं एकेक करून ऐकत बसलो होतो.

“पयल्या पेल्यात आमच्या आडाचं पानी,” दीपा म्हणाली. “दुसऱ्यात त्येच, वर चिमटीभर मीठ. आदी माज्या पोरीला दिऊन बगितलं. चार वर्साची हाय. थुकली ती.”

अशोकअण्णा खाली बसले आणि त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. महेश गेल्यापासून ते रडले नव्हते, असं वहिनी नंतर म्हणाल्या. म्हातारा रडत रडत एवढंच म्हणत होता, “बाबू सांगत हुता की. बाबू सांगत हुता.”

तिथे जाताना मनात कुठेतरी अशी आशा होती, की कबूल केल्यावर कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या, जाणूनबुजून केलं नाही. ते कुणी म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं.

निघताना दीपा दारात आली. तिचे दोन निरोप आहेत, एक तुमच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. जसेच्या तसे देतो.

“बाबूमामास्नी सांगा, घरला या म्हनाव. रत्नाआत्तीसंगं उद्यापास्नं मी पान्याला जानार हाय.”

आणि मग मला, आवाज न चढवता, “तुमी मातर ह्या दारात परत येऊ नगासा.”

मी बरं म्हटलं.

तुमची काळी काच वहिनींकडे दिलीय. त्यांनी ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. ती हातात घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण घरी जा. हे पत्र वाचून झालं की भट्टीवरून उठा आणि मिळेल ती गाडी धरा. गाव वाट बघतंय, हे मी या वेळी रचून लिहीत नाही.

मी कोरगावला आलोय. चौकशीचं बोलावणं येईपर्यंत इथेच आहे. काल घरात पाऊल टाकलं तर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, “पी रे बाबा, उन्हातसून आयलोस.” एप्रिल लागलाय, विहिरीत खारं पाणी चढू लागलंय, हे आता मला ठाऊक आहे. तिला काही बोललो नाही. हळूहळू, एकेक घोट जिभेवर धरून, अख्खा तांब्या प्यालो.

गोडच लागलं, बाबुराव.

गुरुदास